सत्तार मिस्त्री आणि आमची प्रामाणिक जीप

आमच्या तालुक्यात कार्बोरेटर उघडता येत नाही असा माणूस नाही. तो पुन्हा नीट बंद करता येणारा मात्र एकच माणूस होता. सत्तार मिस्त्री.

धामणगाव बढ्यात बाजाराच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं दुकान होतं. चार पत्रे, एक कडुनिंब, आणि गिऱ्हाइकाला बसायला कुठल्यातरी भंगार मोटारीची उपटलेली सीट. पाटी नव्हती. तारेला एक मेलेला कार्बोरेटर टांगलेला असायचा, तीच पाटी. सगळे त्यांना चाचा म्हणत. ते मला ‘लीडर’ म्हणत, आणि त्यात कौतुक अजिबात नव्हतं.

नव्या गाड्यांत वाढलेल्यांना कार्बोरेटर म्हणजे काय हे सांगावं लागेल. तो इंजिनचा स्वयंपाकी. पेट्रोल किती, हवा किती, याचं मिश्रण करून इंजिनला वाढणारं मुठीएवढं भांडं. त्यात पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी म्हणजे जेट. पेट्रोल जास्त झालं की गाडी काळा धूर सोडते, कमी पडलं की उचक्या देते. या भांड्याला बाहेरून दोन स्क्रू असतात आणि सगळा घात तिथेच आहे. बाहेरून स्क्रू दिसला की आपल्याकडच्या माणसाला तो फिरवल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. सरकारी योजनांचं जे होतं तेच.

चाचांकडे गाडी नेली की ते गाडीला हात लावत नसत. आधी चष्म्याचा दोरा मानेमागे नीट करायचे आणि विचारायचे, “मरते का झोपते?”

म्हणजे गाडी एकदम बंद पडते की हळूहळू? एकदम मरत असली तर वायरचं दुखणं. उचक्या देत, पेंगत झोपत असली तर पेट्रोलचं. एवढ्या एका प्रश्नात अर्धं काम व्हायचं. पण लोक उत्तर देत नसत. लोक निकाल घेऊन आलेले असत. “चाचा, जेट गेला,” “चाचा, पंप गेला,” “चाचा, पेट्रोलात भेसळ हाय.”

“तुले समजलं ना? मंग माह्याकडं काऊन आला बे?”

दुसरा प्रश्न त्याहून अवघड असायचा. “शेवटचा हात कोनाचा लागला?”

या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस मी त्या दुकानात पाहिला नाही. एक गुरुजी जुनी स्कूटर घेऊन आले होते. “कंपनीतून आली तशी आहे, कोणी बोट लावलं नाही,” असं शपथेवर सांगत होते. चाचांनी त्यांना वाकायला लावलं आणि स्क्रू दाखवला. त्याची खाच उंदरानं कुरतडावी तशी झालेली.

“बराबर हाय गुरुजी,” चाचा म्हणाले. “कंपनीतच उंदीर होते.”

मग एक स्टीलची जेवणाची थाळी यायची. उघडलेला प्रत्येक भाग काढलेल्या क्रमानं त्या थाळीत, घड्याळाच्या काट्यासारखा गोल मांडायचा. थाळी भरेपर्यंत कोणी बोलायचं नाही. एका माजी सभापतीनं मध्येच फोनवर बोलायला सुरुवात केली, तर चाचांनी थाळीतला शेवटचा भाग उचलून पुन्हा गाडीत बसवला आणि बिडी पेटवायला कडुनिंबाखाली निघून गेले. सभापतीचा फोन संपल्यावर परत आले आणि तोच भाग पुन्हा काढला. रागावले नाहीत.

त्यांचा नियम होता, एका बारीला एकच. एक गोष्ट बदलायची, गाडी चालवून पाहायची. फरक पडला नाही तर ती होती तशी करायची, मग दुसरी. आता माझ्यासारख्या माणसाला हे पटणं कठीण. आमच्या पत्रकात एका वेळी अकरा मागण्या असतात आणि बारावी असते ती राजीनाम्याची.

भाऊसाहेबांच्या मोटारीचा किस्सा त्या दुकानात मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले कायमचे भावी आमदार. जुनी पांढरी मोटार त्यांनी साधेपणासाठी ठेवलेली, कारण साधेपणा लांबून दिसला पाहिजे. ती काळा धूर सोडायची आणि पेट्रोल तर असं प्यायची की बुलढाण्याला जाऊन येईतो साधेपणा परवडेना. चार मिस्त्री झाले, दोन कार्बोरेटर बदलून झाले. चाचांनी दार उघडलं, आत नुसते पाहत राहिले. स्टिअरिंगशेजारी चोकची मूठ होती. थंड गाडी सुरू करताना ती ओढायची, म्हणजे पेट्रोल जास्त जातं. नंतर आत ढकलायची. भाऊसाहेबांच्या मोटारीत त्या मुठीला हार टांगलेले होते. झेंडूचे, शेवंतीचे, एक चंदनाचा. प्रत्येक सत्काराचा हार घरी पोचेपर्यंत तिथेच लटकायचा, आणि हारांच्या वजनानं मूठ कायम बाहेर.

चाचांनी एकेक हार काढून सीटवर ठेवला, मूठ आत ढकलली. “गाडी ठीक हाय भाऊसाहेब. सत्कार कमी करा.”

भाऊसाहेब हसले, कारण आजूबाजूला माणसं होती. पण त्यानंतर त्यांनी दुसरा मिस्त्री धरला, तो दर महिन्याला नवा जेट टाकून देई. सत्कार कमी करण्यापेक्षा ते सोपं होतं.

मी पहिल्यांदा त्या दुकानात गेलो तो गाडी घेऊन नाही, पत्रक घेऊन. आमची संघटना म्हणजे तीन माणसं, एक रबरी शिक्का आणि भरपूर संताप. पत्रकाचं नाव होतं ‘आमचा रस्ता कोणी खाल्ला?’ चाचांनी ते घेतलं, वाचलं नाही. अंगठा आणि बोटात धरून चोळलं, उजेडापुढे धरलं.

“पातळ हाय.”

मला राग आला. मी माझ्या मुद्द्यांची बाजू मांडायला लागलो.

“मुद्दे राहू दे. कागद पातळ हाय.” मग त्यांनी समजावलं. कार्बोरेटरच्या दोन तुकड्यांमध्ये कागदाचा एक जोड कापून बसवावा लागतो, नाहीतर चोरवाटेनं हवा शिरते. कंपनीचा जोड मिळेनासा झालेला. “त्याले लग्नपत्रिका पाह्यजे. तेबी पुढाऱ्याच्या घरची. काय कागद असते बाबा! साबन लावून बसवला की पाहाले नको.”

म्हणजे आमच्या तालुक्यातल्या कितीतरी जुन्या गाड्या कुठल्या ना कुठल्या साहेबांच्या चिरंजीवांच्या शुभविवाहावर चालत होत्या. पुढच्या वेळी आम्ही जाड कागदावर पत्रक छापलं. त्यातून दोन स्कूटर आणि एक फवारणीचं इंजिन सुधारलं. मी बरीच वर्षं पत्रकं वाटतो आहे. ती उपयोगी पडली असं छातीठोक सांगता येईल अशा जागा तेवढ्या तीनच.

आता आमच्या गावच्या जीपचं सांगतो, कारण चाचा मला कळले ते त्या जीपमुळे.

आमचं गाव फाट्यापासून आत. दवाखान्याची गाडी बोलावली तर फाट्यापर्यंत येते. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता कागदावर दोनदा झालेला असल्यामुळे जमिनीवर व्हायचा राहिला आहे. मग आजारी माणूस, बाळंतपणाची बाई न्यायला एक जीप होती. बुडालेल्या दूध संस्थेची. दूध, चेअरमन आणि कपाटं गेली. जीप ढकलूनही सुरू होत नव्हती म्हणून राहिली. माझ्या जन्माच्या आधीची, पेट्रोलवर चालणारी. ती सुरू केली सुदामनं, आणि तिच्यासाठी समिती झाली. अध्यक्ष वसंतराव, शाळेतले निवृत्त कारकून. ड्रायव्हर सुदाम, बौद्धवाड्यातला. कोणत्याही वेळी हाक मारली तर चप्पल शोधत न बसता निघणारा.

पेट्रोल मात्र लवकर संपायला लागलं. का संपतं, हे गावाला माहीत होतं. वसंतरावांचे पाहुणे शेगावला दर्शनाला जीपनं जात, समितीच्या सदस्यांची वरात जीपनं निघे. पण हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणी बोलत नव्हतं. मी बोललो. पत्रक काढलं, ‘जीप पेट्रोल पिते की दुसरं कोणी?’ आणि मागणी केली की टाकीचं झाकण सीलबंद करा.

समितीनं ही मागणी त्याच दिवशी मान्य केली. आमची तत्काळ मान्य झालेली ही एकमेव मागणी. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. झाकणाला सील लावलं की बोट कुणाकडे जातं? पाहुण्यांकडे नाही. झाकणाजवळ बसणाऱ्याकडे, आणि या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच.

सीलचा सोहळा पाहण्यासारखा होता. पेट्रोल भरलं की दोन पंचांसमक्ष झाकणावर दुहेरी लाल कापड घट्ट बांधायचं. समोरच्या चहाच्या टपरीवर चमच्यात लाख वितळवायची आणि ती पळत आणून कापडभर ओतायची, कारण पेट्रोलजवळ काडी ओढू नये एवढी अक्कल समितीत शिल्लक होती. मग त्यावर शिक्का. लाल, चकचकीत, तळहाताएवढा. मी त्याचा फोटो काढून सगळीकडे पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘पारदर्शक कारभार’.

आणि जीप बंद पडायला लागली.

पाच-सहा किलोमीटर गेली की उचक्या द्यायची आणि थांबायची. मग बॉनेट उघडायचं. कोणी जेट काढून फुंकायचं, कोणी पंपावर ओलं फडकं टाकायचं, कोणी स्क्रू अर्धा फेरा आत घ्यायचं, दुसऱ्या दिवशी दुसरा अर्धा फेरा बाहेर. एका आत्याबाईंनी तर कार्बोरेटरच्या तोंडात चिमूटभर अंगारा टाकला. आणि गंमत अशी की प्रत्येकाच्या उपायानंतर दहा-पंधरा मिनिटांनी जीप सुरू व्हायची! महिनाभरात गावात मिस्त्रीच मिस्त्री झाले, आणि प्रत्येकाकडे जीप आपण दुरुस्त केल्याचे साक्षीदार होते.

फक्त एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. टाकी भरलेली असली की जीप लवकर बंद पडायची. रिकामी होत आली की लांब पळायची. वसंतरावांनी चष्मा पुसून त्याचा अर्थ लावला.

“चोरायला असलं की थांबायचं, नसलं की पळायचं. यात कार्बोरेटर कुठं आला? हा डायवर आहे.”

“साहेब, सील तं तसंच राह्यते ना,” सुदाम म्हणाला.

“तेच तर. सील न तोडता काढतो म्हणजे किती पोचलेला असशील!”

या तर्कावर टाळ्या पडल्या. संशय घ्यायचा म्हटलं की आमच्या गावाला बौद्धवाडा सगळ्यात जवळ पडतो. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून जाहीर झालं की सुदाम यास चालकपदावरून कमी करण्यात येत आहे, कारण तो विश्वासास पात्र नाही. ‘विश्वासास पात्र नाही’ हे शब्द माझे होते. वसंतरावांनी ‘चोर’ लिहिलं होतं, मी ते सभ्य करून दिलं. भाषा सुधारली की अन्याय सुधारतो अशी आम्हा पत्रकवाल्यांची एक समजूत असते.

मग वसंतरावांचा पुतण्या जीप चालवू लागला. जीप त्याच्याही हातात बंद पडली. आता पुतण्या चोर असणं शक्यच नव्हतं, म्हणून कार्बोरेटर दोषी ठरला आणि आम्ही तिघं, म्हणजे वसंतराव, पुतण्या आणि मी, जीप घेऊन चाचांच्या कडुनिंबाखाली पोचलो.

“मरते का झोपते?”

“झोपते,” पुतण्या म्हणाला. “उचक्या देते आन् झोपते.”

“शेवटचा हात कोनाचा लागला?”

आम्ही तिघंही गिरणीकडे पाहत राहिलो.

थाळी आली. कार्बोरेटर निघाला. दोन्ही स्क्रू कुरतडलेले. जेटचं भोक कोणीतरी सुईनं मोठं केलेलं. भांड्याच्या तळाशी राखाडी चिखल. चाचांनी तो बोटावर घेतला, वास घेतला आणि पहिल्यांदाच थोडे घाबरल्यासारखे झाले.

“हे काय हाय?”

“अंगारा,” मी सांगितलं.

त्यांनी बोट हळूच कागदाला पुसलं, तो कागद घडी करून कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवला आणि कामाला लागले. सगळं धुऊन, जेट बदलून, थाळी उलट्या क्रमानं रिकामी केली. मग म्हणाले, “याचं आता सारं बराबर हाय. पन याले बिमारी नव्हतीच. तुमी दवाई करू करू बिमार केला. रोग दुसरा हाय. कवा लवकर झोपते? कवा उशिरा?”

वसंतरावांनी मोठ्या अभिमानानं भरल्या टाकीचा सिद्धांत, भोंग्यावरून सुदामला काढल्यासकट, सांगितला. चाचा हात धूत होते, ते थांबले.

“फिरून सांगा.”

वसंतरावांनी फिरून सांगितला, यावेळी हातवारे करून. चाचा ओल्या हातानंच उठले, ड्रायव्हरच्या सीटखाली वाकले आणि झाकणापाशी थबकले.

“हे लाल काय हाय?”

“सील,” मी म्हणालो. “पारदर्शक कारभारासाठी.”

त्यांनी लाखेवरून अंगठा फिरवला, कडेकडेनं, कुठे फट सापडते का पाहत. सापडली नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं. “भर टाकी,” पुतण्याला म्हणाले. “आन् पुन्हा असंच लावा. आहे तसंच. काही बदलू नका.”

टाकी भरली. वसंतराव आणि मी पंच होतो. मी स्वतः चमचा घेऊन पळालो. मग चौघं मोताळ्याच्या रस्त्याला लागलो. सहाव्या किलोमीटरला, मक्याच्या शेताच्या कडेला, जीप उचक्या देऊन झोपली. पुतण्यानं सवयीनं बॉनेटकडे हात नेला.

“हात लावू नको बे! कोनीच लावू नका. इकडं या. कान लावा इथं.”

एक निवृत्त कारकून, एक पुतण्या आणि एक लोकनेता, तिघंही टाकीशी कान लावून वाकले. चाचांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं लाख फोडली, कापड ओढलं आणि झाकण सैल केलं.

टाकीनं श्वास घेतला. दुसरा शब्द नाही. स्स्स्सूऽऽऽ करून एवढा लांब, एवढा आतून, की वसंतराव मागे सरकले. पाण्यात दाबून धरलेला माणूस वर यावा तसा. चाचांनी झाकण नुसतं ठेवलं, थोड्या वेळानं सीटवर बसून गाडी सुरू केली. ती लागली. बॉनेट कोणी उघडलंच नव्हतं.

“लेकराची दुधाची बाटली पाह्यली का?” चाचा सीटवरूनच म्हणाले. “लेकरू वढते. बाटलीत हवा गेली नाही तं दूध यायचं थांबते. टाकीचंबी तसंच. जेवढं पेट्रोल बाहेर, तेवढी हवा अंदर पाह्यजे. झाकनाले त्याच्यासाठीच बारीक भोक असते. तुमी ते बुजवलं. भरल्या टाकीत हवेले जागाच कमी, म्हनून लवकर गुदमरते. थांबली की इकडून तिकडून जराशीक हवा शिरते, मंग चालते. तुमचा अंगारा आन् फडकं त्या टायमाले लागू पडते.”

शेजारच्या शेतात मका वाऱ्यानं वाजत होता. वसंतराव कारकून होते. त्यांना अशा वेळी काय करायचं हे माहीत होतं.

“म्हणजे तांत्रिक कारण होतं,” ते म्हणाले. “तशी नोंद घेऊ.”

“हाव, घ्या.”

दुकानापाशी परत आल्यावर वसंतरावांनी चावीसाठी हात पुढे केला. चाचांनी चावी सदऱ्याच्या खिशात टाकली.

“गाडी ठीक नाही झाली अजून.”

“चालून तर राह्यली!” पुतण्या म्हणाला.

“चालून राह्यली. चालवनारा कुठं हाय?”

तेव्हा मला त्यांची एक रीत कळली, जी मी इतक्या वेळा तिथे बसूनही पाहिली नव्हती. ते चावी मालकाच्या हातात देत नसत. मालकाला काय कळतं? जो चालवतो त्याला बसवून एक चक्कर मारायची. तो म्हणाला बरोबर, तर बरोबर.

“मी चालवतो ना,” पुतण्या म्हणाला.

“तू नेतो. क्लचवर पाय ठेवून म्हैस न्याव तशी नेतो. जाय, सुदामले घेऊन ये.”

वसंतराव गाव गोळा करायला निघून गेले. चार दिवस जीप कडुनिंबाखाली उभी राहिली. गावात संताप झाला आणि संताप झाला की लोक माझ्याकडे येतात. मी पत्रकाचा मसुदा लिहिला, ‘लोकांची जीप ओलीस!’ त्यातच तिसऱ्या दिवशी एका म्हातारीला ताप चढला, तर चाचांनी फोन येताच स्वतः जीप काढली, म्हातारीला दवाखान्यात नेलं, घरी आणून सोडलं आणि जीप पुन्हा कडुनिंबाखाली लावली. म्हणजे ओलीस म्हणायचीही सोय राहिली नाही. तरी मी मसुदा घेऊन गेलोच. पत्रक लिहिलेलं असलं की ते वाया घालवणं जिवावर येतं.

“चाचा, हे बरोबर नाही. गाडी लोकांची आहे.”

“लोकायचीच हाय. मी कुठं म्हनलं माही हाय? सुदाम लोकात येत नाही का? का त्याले वेगळा दाखला लागते?”

“त्याच्याबद्दल समिती नोंद घेणार आहे.”

“भोंग्यावर काय सांगतलं होतं?”

“विश्वासास पात्र नाही.”

“कोनं लिव्हलं?”

त्या दुकानात अशा प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस मी पाहिला नव्हता, असं वर म्हटलंच आहे.

“मी.”

चाचांनी माझा मसुदा हातात घेतला, आणि यावेळी चोळला नाही, वाचला. ओठ हलवत, सगळा. मग परत दिला. “अक्षर चांगलं हाय तुहं, लीडर. सुदाम मका काढाले जाते, पाटलाच्या मळ्यात. तिकडं जाय.”

सुदाम मळणीयंत्राच्या धुराळ्यात उभा होता, तोंडाला गमछा बांधून, फावड्यानं कणसं लोटत.

“सुदामभाऊ, चूक झाली,” मी ओरडून म्हणालो.

“कोनाची?”

“समितीची.”

त्यानं फावडं थांबवलं नाही. “समितीले मायबाप नसते भाऊ. मानसाचं नाव सांग.”

“माझी.”

मग त्यानं यंत्र बंद करायला सांगितलं. गमछा खाली केला. “इथं सांगून काय फायदा? इथं मी आन् हा मका. भोंग्यावर सांग. ज्या आवाजात पहिले सांगतलं ना, त्याच आवाजात. माही पोरगी शाळेत बसली होती त्या टायमाले. पुरी शाळा तिच्याकडं पाहून राह्यली होती.”

वसंतरावांनी दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकाच्या कोपऱ्यात एक कागद लावला. ‘तांत्रिक कारणास्तव चालकाविषयी काही गैरसमज निर्माण झाल्याचे निदर्शनास आले आहे.’ मी तो वाचला आणि पहिल्यांदा मला माझ्याच भाषेची किळस आली. अकराच्या सुमाराला, शाळा भरल्यावर, ग्रामपंचायतीत शिरलो आणि माईक हातात घेतला. आयुष्यात मी बरीच भाषणं केली आहेत, पण स्वतःविरुद्ध हे पहिलंच.

म्हणालो, “सुदामनं पेट्रोल चोरलं नाही. एक थेंब नाही. जीप बंद पडत होती ती टाकीचं झाकण बुजवल्यामुळे, आणि झाकण बुजवायची मागणी माझी होती. तो विश्वासास पात्र नाही हेही मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. आता पेट्रोल खरंच कुठं जात होतं, तर शेगावला—”

इतक्यात भोंगा मेला. झोपला नाही, एकदम मेला. म्हणजे वायर. वळून पाहिलं तर वसंतरावांच्या हातात प्लग होता.

पण तोवर शाळेपर्यंत आवाज गेला होता. पोरं खिडक्यांना लटकलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदाम धामणगावला आला. चाचांनी चावी दिली, शेजारी बसले. मी मागे चढलो, मला कोणी चढ म्हटलं नव्हतं, उतर असंही म्हटलं नाही. फाट्यापर्यंत जाऊन जीप वळली. सुदामनं गाडी बाजूला घेतली.

“दुसऱ्या गिअरले खरखर हाय, चाचा. पहिले नव्हती.”

“मधात पुतन्या बसला होता ना. करून देतो. बाकी?”

सुदाम थोडा वेळ इंजिनचा आवाज ऐकत राहिला. “बाकी बराबर.”

झाकणाला आता काही बांधलेलं नव्हतं. समितीनं पारदर्शक कारभाराचा विषय पुढच्या सभेवर टाकला, आणि ती सभा अजून व्हायची आहे. पेट्रोल अजूनही शेगावला जातं, मी अजूनही पत्रक काढतो. वसंतराव माझ्याशी बोलत नाहीत, एवढंच माझ्या चळवळीचं यश.

पुढे चाचांचं दुकान ओस पडत गेलं. कार्बोरेटरच्या गाड्या भंगारात गेल्या, नव्या गाड्यांना बाहेरून फिरवायला स्क्रूच नाही. त्यांच्या लेकीनं बऱ्हाणपूरला बोलावून घेतलं. मलकापूरहून आगगाडी होती. त्यांना सोडायला आमची जीप जाणार, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या दुपारी सहज फाट्यावर उभा होतो, हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन.

जीप लांबून दिसली. मागे दोन पेट्या, एक शिलाई मशीन आणि मशीनला धरून बसलेली चाची. पुढे सुदाम, शेजारी चाचा. मी हात वर केला, पण त्यांनी पाहिलं नाही. कुठल्याही गाडीत बसले तरी कान टवकारून इंजिन ऐकणारा हा माणूस गाढ झोपला होता. तोंड उघडं, चष्मा दोऱ्याला लोंबकळत, मान दाराच्या बाजूला कलंडलेली. फाट्यापाशी तो मोठा खड्डा आहे. सुदामनं नजर रस्त्यावरून हलवली नाही. जीप हळू केली, डावा हात बाजूला नेऊन चाचांचा खांदा घट्ट धरला, आणि तसाच एका हातानं गाडी खड्ड्यातून पार नेली.